गिलावा, घराच्या बाह्य भिंतींचा

विटांच्या, दगडांच्या अथवा मातीच्या भिंतींवर बाहेरील अंगाने दिलेल्या चुना, वाळू व पाणी यांच्या मिश्रणाच्या लेपास बाह्य गिलावा म्हणतात. यूरोपात अशा कामास ‘स्टको’ ही संज्ञा आहे. मराठीत बारीक दळलेल्या चुन्याच्या घोटीव कामास चुनेगच्ची म्हणत. संस्कृतात चुन्याच्या लेपास सुधा असे नाव असून सुधेने लिंपलेले ते सौध, म्हणजे प्रासाद. श्रीमंताच्या घराचे नावच त्याच्या गिलाव्यावरून पडावे, यावरून या लेपाची प्रतिष्ठा ध्यानात येते. पावसाचे पाणी भिंतीत शिरू न देणे आणि भिंतीस एकसारखे, देखणे रूप देणे ही त्याची दोन कामे सर्वांस ठाऊक असतात. तिसरे काम फारसे लक्षात घेतले जात नाही. ऊन, वारा, पाऊस व क्षार यांचा मारा स्वतःवर घेऊन झिजणे आणि त्यायोगे आतील भिंत राखणे, हे ते काम होय. गिलावा झिजला म्हणजे काम बिघडले असे नव्हे; झिजलेला गिलावा वेळीच भरून काढला नाही, तर मात्र काम बिघडते. या लेपाचा इतिहास त्याच्या मिश्रणांचा जितका आहे, तितकाच तो ही डागडुजी कोणी व कोणाच्या खर्चाने करावयाची, या प्रश्नाचाही आहे.

घटक व गुणधर्म : चुनखडी, शिंपले किंवा कंकर सु. ९००° से. तापमानास भाजले असता त्यांतील कार्बन डाय-ऑक्साइड निघून जातो व कळीचा चुना उरतो. १०० किग्रॅ. शुद्ध चुनखडीपासून ५६ किग्रॅ. कळीचा चुना मिळतो. त्यावर पाणी टाकले की तो फुगतो, उकळल्यासारखा होतो व विरून त्याचा मऊ लगदा बनतो. भिंतीवर लावल्यानंतर हा लगदा हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड हळूहळू शोषून घेतो आणि त्याची पुन्हा चुनखडी होते. म्हणजे दगडाचा चुना व चुन्याचा पुन्हा दगड, असे हे चक्र आहे. ही क्रिया बाहेरून आत होत जाते, तिला ओलावा लागतो आणि महिनेच्या महिने लागतात. म्हणून घाईने वाळविलेला गिलावा कच्चा राहतो व हाताला पांढरी भुकटी लागते.

शुद्ध चुना केवळ हवेनेच घट्ट होतो. चिकणमातीचा अंश असलेल्या चुनखडीचा किंवा कंकराचा चुना मात्र पाण्याशी संयोग होऊनही घट्ट होतो; यास जलीय चुना म्हणतात. शुद्ध चुन्यात भाजलेल्या विटांची पूड म्हणजे सुर्खी मिसळली, तरी काही अंशी तोच परिणाम साधतो. भारतीय मानक ७१२ मध्ये बांधकामाच्या चुन्याचे अ ते फ (इंग्रजी अक्षरांत ए ते एफ) असे वर्ग केले असून त्यांतील ‘सी’ वर्गाचा शुद्ध चुना अखेरच्या थरास व सफेदीस योग्य मानला आहे. चुन्याचा गिलावा सिमेंटच्या मानाने मऊ व सच्छिद्र असतो. हा दोष वाटला, तरी जुन्या भिंतींच्या दृष्टीने तोच त्याचा मोठा गुण आहे : जमिनीतून भिंतीत चढलेली ओल त्यातून बाहेर पडून उडून जाते आणि इमारत किंचित हलली, तरी तो मोठ्या भेगा न पडता ती हालचाल सोसतो.

इतिहास : भिंत पुन्हापुन्हा लिंपण्याची रीत फार जुनी आहे. तुर्कस्तानातील चाताल ह्यूक या इ. स. पू. सु. सातव्या सहस्रकातील वसाहतीत घरांच्या आतील भिंतींवर पांढऱ्या मातीच्या लेपाचे काही ठिकाणी शंभराहून अधिक थर सापडले आहेत. ग्रीक व रोमन लोकांनी चुन्याच्या गिलाव्याचे शास्त्र केले. विटरूव्हिअस या रोमन वास्तुशास्त्रज्ञाने आपल्या ग्रंथाच्या सातव्या भागात भिंतीवर प्रथम खडबडीत लेप, त्यावर वाळूमिश्रित चुन्याचे तीन थर व त्यावर संगमरवराच्या पुडीचे तीन थर देण्यास सांगितले आहे. प्लिनी याने नोंदविले आहे, की जुन्या नियमांनुसार तीन वर्षांपेक्षा कमी काळ मुरलेला चुना मक्तेदारास वापरता येत नसे आणि म्हणूनच त्या काळच्या गिलाव्यास भेगा पडत नसत. चुना मुरवत ठेवणे म्हणजे पैसा अडकवून ठेवणे. तेव्हा नियम करावा लागला, यात नवल नाही. सोळाव्या शतकात आंद्रेआ पाल्लाद्यो याने व्हेनिसच्या परिसरात बांधलेल्या ग्रामीण हवेल्यांचे दगडी वाटणारे स्तंभ व भिंती बहुतांशी विटांच्या असून त्यांवर स्टकोचे काम आहे.

भारतात वराहमिहिराच्या बृहत्संहितेत (सहावे शतक) वज्रलेपाचे पाठ दिले आहेत. तेंडूची व कवठाची कच्ची फळे, सावरीची फुले, सालईच्या बिया, धामणीची साल व वेखंड यांचा काढा अष्टमांश उरेपर्यंत आटवून त्यात गुग्गुळ, बिब्बा, राळ, जवस, बेलफळ इ. पदार्थ मिसळावेत व तो लेप प्रासाद, भिंती, मूर्ती यांवर गरम असताना लावावा, असे त्यात सांगितले आहे. तो कोटी वर्षे टिकतो, अशी ग्वाहीही ग्रंथकाराने दिली आहे. आपल्या मालाविषयी अशी ग्वाही पुढेही अनेकांनी दिली. वराहमिहिराच्या लेपाची निदान कृती तरी पूर्ण दिलेली आहे. वनस्पतिज डिंक व तंतू गिलाव्यात घालण्याची परंपरा प्रत्यक्ष अवशेषांतही दिसते. वेरूळ येथील मातीच्या गिलाव्यात भांगेचे तंतू असल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाखविण्यात आले. उत्तरकालीन भारतीय कामांपैकी जयपूरकडील आराईश, तमिळनाडूतील चेट्टिनाडच्या हवेल्यांचा अंड्यातील बलक वगळून उरलेला पांढरा भाग घालून घोटलेला गिलावा आणि शिंपल्यांच्या चुन्याचा, संगमरवरासारखी झळाळी असलेला मद्रासी ‘चुनम’ ही प्रसिद्ध आहेत. औरंगाबादच्या बीबी-का-मकबऱ्यात (सतरावे शतक) संगमरवर मुख्यतः खालचा पट्टा व घुमट यांपुरताच असून मधल्या भागात बेसाल्टच्या बांधकामावर घोटीव गिलावा आहे. दुरून तो संगमरवरच वाटतो.

महाराष्ट्र व गोवा : देशावरील वाड्यांचे जोते दगडी आणि वरील भिंती विटांच्या किंवा मातीच्या असत, कोकणात व गोव्यात भिंती जांभ्या दगडाच्या असतात. जांभा सच्छिद्र असल्याने त्यास बाहेरून चुन्याच्या लेपाची विशेष गरज असते. किनाऱ्यावर शिंपले भाजून, तर घाटावर चुनखडी व कंकर भाजून चुना करीत. भट्ट्या लावून चुना पाडण्याचा व्यवसाय मुख्यतः लोणारी समाजाकडे होता. मुंबईतील चुनाभट्टी या भागाच्या नावात तो व्यवसाय अजून टिकून आहे. विरविलेला चुना, वाळू व सुर्खी घाणीत मळत. घाणी म्हणजे जमिनीत बांधलेला वर्तुळाकार चर. मधल्या खुंटास जोडलेल्या आडव्या दांड्याला दगडी चाक अडकवून ते बैल किंवा रेडा या चरातून फिरवी. सह्याद्रीतील अनेक किल्ल्यांवर अशी चाके अजून पडलेली दिसतात. मळताना चुन्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचे पाणी, मेथी किंवा उडदाचे पीठ घालीत व भेगा पडू नयेत म्हणून तागाचे बारीक तुकडे मिसळीत. या पदार्थांमुळे चुना चिकट होतो, सावकाश वाळतो व पाण्यास अधिक दाद देत नाही. प्रमाणे गवंड्यागणिक बदलत आणि बहुधा तोंडीच शिकविली जात.

येथील देखभालीचे वेळापत्रक पावसाने ठरविलेले होते. कोकणपट्टीत वर्षाकाठी पडणारा २,००० मिमी.हून अधिक पाऊस बव्हंशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. पावसाळ्यापूर्वी कौले चाळली जात व झड लागणाऱ्या भिंतींवर नारळीच्या झावळ्यांचे झाप बांधले जात. रुंद वळचणीमुळे पागोळ्या भिंतीपासून दूर पडत. पाऊस ओसरल्यावर दसरा-दिवाळीच्या आत पोपडे काढून भिंती भरावयाच्या आणि निवळीच्या पांढऱ्या चुन्याचे हात द्यावयाचे, अशी वहिवाट होती. सण हे निमित्त, ओल उडून गेलेली भिंत हे कारण. प्रत्येक हाताबरोबर चुन्याचा एक पातळ थर केशभेगांत शिरून तेथे दगड होत असे. म्हणून सफेदी हा रंग नसून दरवर्षी थोडाथोडा दिलेला गिलावाच आहे, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल. ‘चुना लावणे’ या वाक्प्रचारास मराठीत फसवणुकीचा अर्थ आला आहे. भिंतीपुरता तरी तो अन्यायाचा आहे.

लंडनचे उदाहरण : गिलाव्याच्या देखभालीची व्यवस्था कायद्याने व कराराने कशी बांधली गेली, याचे बोलके उदाहरण लंडनमध्ये आढळते. १७७४ च्या इमारत कायद्याने घरांच्या दर्शनी भागातील लाकडी कामावर आगीच्या भीतीने कडक मर्यादा घातल्या आणि विटांवर दगडाचा आभास आणणाऱ्या स्वस्त लेपांना मागणी वाढली. जॉन लिआर्डेट या धर्मोपदेशकाने १७७३ मध्ये तेलयुक्त लेपाचे एकस्व घेतले होते. ते अ‍ॅडम बंधूंनी विकत घेऊन १७७६ मध्ये संसदेकडून त्याची मुदत वाढवून घेतली व १७७८ मध्ये जॉन्सन या प्रतिस्पर्ध्यावर दावा लावला. हा खटला एकस्वाच्या कायद्यात गाजला. तो लेप मात्र भिंतींवर टिकला नाही. १७९६ मध्ये जेम्स पार्कर याने चिकणमातीमिश्रित चुनखडीचे गोटे भाजून, पाण्यात त्वरित घट्ट होणारे ‘रोमन सिमेंट’ काढले. रोमनांशी त्याचा संबंध नावापुरताच होता. याच व तत्सम लेपांच्या बळावर जॉन नॅश याने १८११ नंतर रीजंट्स पार्क व रीजंट स्ट्रीट यांच्या योजनेत विटांच्या घरांच्या रांगांना राजवाड्यांचे रूप दिले. लेपावर दगडांच्या सांध्यांसारख्या रेघा ओढून त्यास बाथच्या दगडाचा पिवळसर रंग देत.

धुराने काळवंडणारे हे दर्शनी भाग चांगले राहिले, याचे श्रेय मिश्रणापेक्षा भाडेपट्ट्यांस अधिक आहे. जमीन राजसत्तेची व घर पट्टेदाराचे असल्याने, ठराविक वर्षांनी बाहेरून रंग देण्याची व डागडुजीची अट पट्ट्यातच घातलेली असे. एकाने टाळाटाळ केली, तर सारी रांग विद्रूप होई. म्हणून रंगही एकच ठरविलेला असे. आज त्या घरांची दिसणारी मलईसारखी छटा ही नंतरच्या तैलरंगांची देणगी होय.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या दिखाऊपणाविरुद्ध मत फिरले. जॉन रस्किन याने १८४९ मध्ये द सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर या ग्रंथात एका द्रव्याने दुसऱ्याचा आभास निर्माण करणे हे खोटेपण ठरविले. याचा एक विपरीत परिणाम असा झाला, की जुन्या चर्चमधील अस्सल गिलावाही ‘खरा दगड’ दाखविण्यासाठी खरवडला जाऊ लागला. विल्यम मॉरिस याने १८७७ मध्ये स्थापिलेल्या प्राचीन इमारत संरक्षण संस्थेचा मूळ रोख या खरवडण्यावरच होता. महाराष्ट्रातील जुन्या वाड्यांचे नूतनीकरण करताना गिलावा काढून विटा उघड्या ठेवण्याची अलीकडची हौस याच जातीची आहे. त्या विटा उघड्या राहण्यासाठी भाजलेल्याच नव्हत्या आणि दोनचार पावसाळ्यांत त्यांची धार झडू लागते.

सिमेंटचा अंमल : जोसेफ अ‍ॅस्पडिन याने १८२४ मध्ये पोर्टलंड सिमेंटचे एकस्व घेतले. भारतात पोरबंदर येथे १९१४ मध्ये त्याचे उत्पादन सुरू झाले. स्वातंत्र्योत्तर काळात सिमेंटवर सरकारी नियंत्रण होते. ते १९८२ मध्ये अंशतः व १९८९ मध्ये पूर्णपणे उठले. सिमेंट लवकर घट्ट होते, कोठल्याही दुकानात तयार मिळते आणि त्यास मुरवत ठेवावे लागत नाही. नवीन काँक्रीटच्या व पक्क्या विटांच्या भिंतीवर त्याचा गिलावा योग्यच आहे. गैरसमज झाला तो हा, की जे नव्या भिंतीस चांगले ते जुन्यास अधिकच चांगले. चुन्यात बांधलेल्या मऊ भिंतीवर सिमेंटचा ताठर थर दिला असता भिंत हलते, पण तो हलत नाही. त्यामुळे केशभेगा पडतात. त्यांतून केशाकर्षणाने पाणी आत जाते, परंतु घट्ट थरामुळे ते बाहेर उडून जाऊ शकत नाही. आत कोंडलेली ओल क्षार विरघळवून थरामागे साठविते, लोणा फुटतो, विटांची माती होते, भिंतीत पुरलेली लाकडी खांबांची टोके कुजतात. बाहेरून मात्र भिंत काही वर्षे ठणठणीत दिसते. चुन्याचा गिलावा आपला बिघाड पोपड्यांनी लगेच कळवितो. सिमेंटचा तो झाकून ठेवतो आणि कळवितो तेव्हा मोठ्या तुकड्यांनी कोसळून.

हा धडा केवळ जुन्या घरांपुरता नाही. १९५० नंतर पश्चिम जर्मनीत विकसित झालेली, फोमच्या फलकांवर रेझिनयुक्त पातळ लेप देण्याची पद्धत १९६९ मध्ये अमेरिकेत आली. नॉर्थ कॅरोलायनातील विल्मिंग्टन येथे १९९५ च्या सुमारास अशा लेपाखालील घरांचे लाकडी सांगाडे आत शिरलेल्या पाण्याने कुजलेले आढळले. कॅनडातील व्हँकूव्हर परिसरात १९८० ते १९९९ या दरम्यान बांधलेल्या अनेक लाकडी सांगाड्यांच्या सदनिकांत असेच घडले आणि त्याच्या चौकशीसाठी १९९८ मध्ये ब्रिटिश कोलंबिया सरकारने बॅरेट आयोग नेमला. दोन्ही ठिकाणी लेपाखाली गेलेल्या पाण्यास बाहेर येण्याची वाट ठेवलेली नव्हती.

मुंबईतील जुन्या चाळींत लाकडी सांगाड्यात विटा भरून चुन्याचा गिलावा केलेला असे. दुसऱ्या महायुद्धातील टंचाईनंतर भाडेकरूंस संरक्षण देण्यासाठी केलेल्या १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधली गेली. भाडेकरूंचा निवारा त्यामुळे टिकला, हे मान्य केले पाहिजे. पण दिवाळीच्या सफेदीचा व पावसाळ्यापूर्वीच्या डागडुजीचा खर्च त्या भाड्यात बसेनासा झाला. मालकास ती करण्यात लाभ उरला नाही आणि भाडेकरूस ती करण्याचा हक्क स्पष्ट नव्हता. घरे कोसळू लागल्यावर १९६९ मध्ये स्वतंत्र कायदा करून उपकरप्राप्त इमारतींच्या दुरुस्तीसाठी मंडळ स्थापन करण्यात आले. ते पुढे महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरणात समाविष्ट झाले. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या कायद्याची जागा घेतली. दरम्यान वर्षाला थोडी होणारी झीज अनेक दशके साचत राहिली होती. लंडनच्या पट्ट्यांत जी अट होती, तिचे काम करणारे कलम येथे वेळेवर आले नाही, असेच म्हणावे लागते.

देखभाल : बाह्य गिलाव्याची तपासणी पावसाळ्याच्या आधी व नंतर, अशी दोनदा करावी. लाकडी मोगरीने हलके ठोकले असता भरीव गिलावा खणखणीत वाजतो. भिंतीपासून सुटलेल्या भागाचा आवाज बद्द येतो. अशा जागी खडूने खूण करावी. गिलाव्यास हात लावण्यापूर्वी पाण्याचा उगम शोधणे आवश्यक असते. फुटलेली पन्हळ, सरकलेले कौल, खिडकीच्या माथ्यावरील भेग, भिंतीत रुजलेला पिंपळ किंवा जोत्यालगत चढलेली माती ही नेहमीची कारणे होत. अंगणात फरशी घालताना जोत्याची उंची कमी होते व शिंतोडे थेट गिलाव्यावर उडतात, याकडे बहुधा दुर्लक्ष होते.

सुटलेला भाग भरीव कडेपर्यंत काढून कडा आतून किंचित खोल कापतात, म्हणजे नवा लेप जुन्यात अडकून बसतो. भिंतीचे सांधे कोरून, धूळ झाडून ती पाण्याने चांगली भिजवितात. कोरडी भिंत लेपातील पाणी ओढून घेते व लेप कच्चा राहतो. नवे मिश्रण जुन्यासारखेच, किंबहुना भिंतीहून मऊ असावे. एकेक थर सु. १२ मिमी.पेक्षा जाड नसावा व दुसरा थर पहिला ताठ झाल्यावरच द्यावा. काम ओल्या गोणपाटाने झाकून काही दिवस सावलीत व दमट ठेवतात. सफेदीसाठी १ किग्रॅ. कळीच्या चुन्यास सु. ५ लि. पाणी घेऊन, २४ तास ठेवून जाड कापडातून गाळतात व त्यात डिंकाचे पाणी आणि किंचित नीळ मिसळतात. तैलरंग किंवा प्लॅस्टिक रंग चुन्याच्या गिलाव्यावर देऊ नये; त्याचा पापुद्रा ओल कोंडतो व गिलाव्याचा वरचा थर घेऊनच सुटतो. पूर्वी दिलेला सिमेंटचा थर काढताना भिंतीच्या विटा त्यासोबत उखडत असतील, तर तो सरसकट काढू नये. सैल झालेले भागच काढून ते चुन्याने भरावेत आणि उरलेला थर सुटेपर्यंत वाट पाहावी.

कळीचा चुना विरविताना तो उसळून अंगावर उडतो व डोळ्यांस कायमची इजा करू शकतो. यासाठी चुना पाण्यात थोडाथोडा टाकावा, चुन्याच्या ढिगावर एकदम पाणी ओतू नये. काम करणाराने डोळ्यांवर चष्मा व हातांत मोजे घालावेत आणि लगद्याचा हौद मुलांपासून व जनावरांपासून दूर, झाकून ठेवावा.